डबडीच्या बंद काचा

पिरोत, ९ सप्टेंबर

ल्युबिंके,

दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. आपण एकमेकींशी बोलायचं नाही असं ठरलं होतं. लिहायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, म्हणून लिहितेय. फोन मी करणार नाही आणि तूही करू नकोस.

तुला वाटेल मी सगळं विसरून समेटाला आलेय. अजिबात नाही. तिहोमिर गेल्यावर त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तू माझ्याच टेबलाशी बसून, माझीच रकिया पिऊन, सगळ्या पाहुण्यांसमोर काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "ताई, आता तरी ती डबडी विकून टाक. एक दिवस तुझं मढं त्यातून बाहेर काढावं लागेल." माझा नवरा नुकता मातीत गेलेला, आणि माझी सख्खी बहीण त्याच्या गाडीला नावं ठेवते! मी तुला दार दाखवलं. तू नोव्ही सादला गेलीस ती गेलीसच. मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता कशाला लिहितेय ते ऐक. माझं डोकं जायला लागलंय.

हसू नकोस. आईचं गेलं तसंच. काल तेम्स्काच्या मळ्यातून, तिथल्या कोंबड्यांना दाणे घालून, मिरच्यांची पोती घेऊन आले. गाडी उभी केली, खाली उतरले, आणि समोरचं फाटक कोणाचं तेच कळेना. हिरवं फाटक, कडीला निळी दोरी. मी विचार करतेय, ही बाई कोण बरं, जिनं कडीला असली भिकारडी दोरी बांधलीय? शेवटी शेजारची स्पासेनिया म्हणाली, "कोसारा, फाटक उघडतेस की त्याच्याशी लग्न लावतेस?" तेव्हा आठवलं, दोरी मीच बांधली होती.

चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला मी. नदीचा उगम, नदीचं मुख. आणि स्वतःच्या दारात उभी राहून विचारतेय, हे कोणाचं गाव.

आई शेवटी शेवटी मला काय म्हणायची ते तुला ठाऊक आहे. "बाई, तुम्ही कोणाच्या?" तुलाही तेच म्हणायची. तुझ्याशी मला बोलायचं नाही, पण तू कोण हेच मला आठवेनासं झालं तर मी रागावणार तरी कोणावर? म्हणून आठवतंय तोवर लिहून ठेवते.

गाडी उत्तम आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते. जरा आवाज करते एवढंच.

कोसारा

&nbsp;

पिरोत, सप्टेंबर, शनिवार असावा

ल्युबिंके, ल्युबे,

आत्ताच तेम्स्काहून आले. बूटसुद्धा काढलेले नाहीत. डोकं ठणकतंय, पण आधी लिहून काढते, नाहीतर निसटेल.

काय लिहायचं होतं बरं.

हां. मिरच्या. सगळं गाव मिरच्या भाजतंय, प्रत्येक अंगणात चूल, पिरोतमध्ये श्वास घेतला की धूर आणि धूर. माझ्या कपड्यांना धूर, केसांना धूर, गाडीला धूर. यंदाच्या मिरच्या अशा जाड सालीच्या निघाल्यात की आयवारची चटणी फक्कड होणार. तुला बरणी पाठवीन. तू आईसारखा आयवार कधी करू शकली नाहीस, लसूण जास्त घालायचीस.

गाडीचं सांगत होते. तिचं काय काय गेलंय ते सांगते. पुढच्या सीटखाली पाणी साचतं, पाऊस नसला तरी. मागचं दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडावं लागतं, म्हणून मागे बसणाऱ्याला मी कैद्यासारखी सोडवते. दुसऱ्या गिअरला नीट टाकावं तर ती तिसऱ्यात जाते. खालचा पत्रा इतका गंजलाय की ब्लागोये मेकॅनिक त्यावर बोट टेकवायला घाबरतो. आणि सायलेन्सरचा जोड सुटलाय. तो म्हणाला, "मावशी, नवीन पाइप टाकू." मी म्हटलं, "नवीन कशाला? जोडावर डब्याचा पत्रा गुंडाळ, वरून तार आवळ." आपण पिरोतची माणसं, अख्खा सर्बिया आपल्या चिक्कूपणावर हसतो, तर हसू दे. त्यानं बीनच्या डब्याचा पत्रा गुंडाळून दिला. आवाज जरा कमी झाला.

गाडीचं सांगत होते ना? मागचं दार आतून उघडत नाही. हे लिहिलं का मी?

ल्युबे, मला तुझी फार आठवण येते. येताना पुलाजवळ गाडी थांबवली आणि रडत बसले, का ते कळेना. वाटलं तू बाजूला बसली आहेस. पायांत लाल मोजे, ते आईनं जुनी लोकर उसवून विणलेले. मी म्हटलं काच लावून घे गं, वारा लागेल. तू लावलीस. मग तू नव्हतीसच.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. कशावरून रागावले होते तेही नीट आठवत नाही. ये ना.

तुझी ताई

&nbsp;

पिरोत, ५ ऑक्टोबर

ल्युबिंका,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच ती. "ताई, डॉक्टरला दाखव. संत दिमित्रीच्या दिवशी, ८ नोव्हेंबरला, मी येते, तुला माझ्याकडे घेऊन जाते. गाडी विक." एवढंच. कागद महाग झालाय का नोव्ही सादला?

आणि गाडीच्या विषयावर आलीसच शेवटी. मला वाटलंच होतं.

मागच्या पत्रात मी काय लिहिलं ते मला पुसटसं आठवतंय आणि त्याची मला लाज वाटते. मी रागावलेली आहे. कशावरून तेही पक्कं आठवतंय. तेव्हा फार हुरळून जाऊ नकोस.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. पोरगीच आहे, माझ्या वर्गात असती तर शेवटच्या बाकावर बसली असती. तिनं रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली, आजचा वार विचारला. बुधवार, म्हटलं. बरोबर निघालं. राष्ट्रांच्या राजधान्या विचारा म्हटलं, तर ती म्हणाली, "आजी, त्या मलाच येत नाहीत." मग म्हणाली, वय झालं, असं होतं, एकटं राहू नका. मोठा शोध लावला.

गाडी सध्या ब्लागोयेकडे पडून आहे. पुढची स्प्रिंग तुटली. बाजारातून निघाले आणि कडाड्कन आवाज झाला, गाडी एका बाजूला कलली, मला वाटलं रस्ताच खचला. या गाडीच्या स्प्रिंगा तुटायच्याच, असं ब्लागोये म्हणतो, त्याच्या अंगणात तसल्याच पाच-सहा लंगड्या उभ्या आहेत. त्यानं आता कुठल्या भंगारातून दुसरी शोधायला माणूस पाठवलाय. तोवर मी बसनं जाते तेम्स्काला. बसमध्ये सगळ्या म्हाताऱ्या, सगळ्यांचं एकच, "ड्रायव्हर, काच लाव, वारा लागतोय!" ड्रायव्हर बिचारा घामानं निथळत काचा लावतो.

चाललंय ठीक. कालपासून आयवार ढवळतेय, हात भरून आलेत. स्पासेनिया मदतीला येते आणि तुझ्या चौकश्या करते. मी म्हटलं, येणार आहे म्हणे, मला पोत्यात भरून न्यायला. ती म्हणाली, "मग तुझ्या कोंबड्या मला दे." माणसं अशी असतात.

मी अजून यायला हो म्हटलेलं नाही, लक्षात ठेव.

कोसारा

&nbsp;

पिरोत, ऑक्टोबर १८ किंवा १९

ल्युबे,

मी येते. घेऊन जा मला. संत दिमित्रीचा दिवस फार लांब आहे, आधी येता आलं तर आधी ये.

काल फार वाईट झालं. गाडी परत आली, नवी स्प्रिंग बसली, मी खूश, स्पासेनियाला घेऊन तेम्स्काला गेले. थंडी पडली म्हणून मी नीट बंदोबस्त केला होता. काचा घट्ट, बाजूची काच वरून जरा वाजते तिला चिकटपट्टी, समोरच्या जाळ्यांतून गार वारा येतो म्हणून त्यांत चिंध्या कोंबल्या. हीटरची हवा फक्त आतल्या आत फिरवते. स्पासेनिया म्हणाली, "शाब्बास, आता कुठं गाडीत बसल्यासारखं वाटतंय."

आणि परत येताना मी हरवले. मी! तेम्स्काच्या रस्त्यावर! एकच तर रस्ता आहे, ल्युबे, एक बाजू डोंगर, एक बाजू नदी, तिथं हरवायला जागाच नाही. मला कळेना आपण जातोय की येतोय. नदी उलटी वाहताना दिसली. मी स्पासेनियाला विचारलं, "पिरोत कुठल्या हाताला?" ती म्हणाली, "मला ओकारी येतेय." मग ती रस्त्याकडेला ओकली आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. एका ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला ओळखलं, दार उघडलं, म्हणाला, "काय झालं मास्तरीणबाई?" मी त्याला म्हटलं, "तुम्ही कोणाचे?"

ऐकलंस का? तुम्ही कोणाचे. आईच्याच आवाजात निघालं माझ्या तोंडून.

स्पासेनिया म्हणते कुठल्यातरी फटीतून वारा आला आणि आपल्या मानेला लागला. तिनं डोक्याला बटाट्याचे काप बांधलेत. मी पण बांधलेत. पण माझं वाऱ्यानं नाही, मला माहीत आहे. माझं आतून चाललंय.

गाडी ब्लागोयेला सुट्या भागांसाठी देऊन टाकते. कोंबड्या स्पासेनियाला. घर बंद. मी तुझ्याकडे कोपऱ्यात बसेन, काही मागणार नाही. फक्त एक कर. मी तुला ओळखेनाशी झाले, की रोज सकाळी येऊन सांग, मी ल्युबिंका, तुझी बहीण. रोज सांग. कंटाळू नकोस. मी आईला सांगायची कंटाळा न करता, आठवतंय ना, तू पण सांगायचीस.

तू भांडखोर असलीस तरी माझी एकटी तूच आहेस. हे मी कधी म्हटलं नाही. आता म्हटलं.

ये. तुझी ताई

&nbsp;

पिरोत, २७ ऑक्टोबर

ल्युबिंका,

तिकीट काढलंस असं कळवलंस. बरं.

इथे एक विचित्र झालंय, आणि मला ते धड कळलेलं नाही, तरी सांगते. माझ्या बाजूची काच पडली. म्हणजे फुटली नाही, आतली तार तुटली आणि काच दाराच्या पोटात घसरून बसली. वर येईना. ब्लागोये म्हणतो या जातीच्या गाड्यांना हा रोगच आहे, तार मागवली आहे, येईल तेव्हा येईल. मी म्हटलं, बाबा रे, तोवर पुठ्ठा तरी लाव. त्यानं लावला. पुलापर्यंत जाईतो पुठ्ठा उडाला, नदीत गेला. आणि त्याच वाऱ्यानं पलीकडच्या काचेची चिकटपट्टी सुटली, तीही फट उघडी पडली.

म्हणजे गाडीत आरपार वारा! या कानातून आत, त्या कानातून बाहेर! आईनं पाहिलं असतं तर तिनं मला गाडीतून ओढून काढलं असतं. आठवतं ना, आपली मिल्यात्सा आत्या दोन उघड्या खिडक्यांच्या मध्ये बसून चोळी शिवत होती आणि तिचं तोंड वाकडं झालं? आयुष्यभर मी सांभाळलं. एक खिडकी उघडली की दुसरी बंद. वर्गात मुलं गुदमरली तरी मी दोन खिडक्या उघडू दिल्या नाहीत.

स्पासेनियानं माझ्याबरोबर यायचं सोडलं. फाटकातून ओरडते, "तू मरणार! न्यूमोनिया होणार! मूत्रपिंडं गारठणार!" मी तिहोमिरचा कोट घालते, त्यावर दोन शाली, डोक्याला रुमाल, कानांत कापूस. आणि कोंबड्यांना उपाशी तर मारता येत नाही, म्हणून रोज जातेच आहे.

आता ऐक. काहीच होत नाहीये. ना मान धरली, ना ताप आला. उलट डोकं दुखायचं थांबलं. परत येते तेव्हा फाटक माझंच असतं. काल सबंध वाटभर दक्षिण अमेरिकेतल्या नद्या म्हणत आले, मोठ्यांदा, एकही चुकली नाही. रस्त्यावरचा मेंढपाळ बघत राहिला.

मला याचा अर्थ लागत नाही. मी मरायला हवी होते. वारा लागून जे होतं ते मला का होत नाही? की हे शेवटचं तेज आहे, आईला आलं होतं तसं, एका सकाळी तिनं आपल्याला दोघींना नावानं हाक मारली होती आणि संध्याकाळी पुन्हा काहीच नाही? मला भीती वाटते, ल्युबिंके. बरं वाटण्याचीच भीती वाटते.

तार आली की काच लावते. मग बघू.

कोसारा

&nbsp;

पिरोत, ३ नोव्हेंबर

ल्युबिंका,

हे पत्र लगेच वाच, तिकिटाचं त्यात आहे.

परवा काचेची तार आली. ब्लागोयेनं काच वर चढवली, मी पलीकडे नवी चिकटपट्टी लावली, जाळ्यांत चिंध्या होत्याच. अगदी घरच्यासारखी ऊब. तेम्स्काला पोचले तर खुराड्याची कडी कशी उघडते ते मला सुचेना. ती कडी मी रोज उघडते. मी तिच्याकडे बघत राहिले, कोंबड्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग तिथेच दगडावर बसले. थंडी होती, धुकं होतं, वारा सुटला होता, आणि मी म्हटलं आता लागू दे काय लागायचं ते.

बसल्या बसल्या डोकं उतरायला लागलं. कडी कशी उघडते ते आपोआप आठवलं. मी उठून उघडली, दाणे घातले. आणि मग मी शाळेतल्या मास्तरणीसारखा विचार केला, जो मी आधीच करायला हवा होता. स्प्रिंग तुटली तेव्हा मी बसनं जात होते, तेव्हा डोकं ठीक. काच पडली, डोकं ठीक. काच लागली, डोकं गेलं. स्पासेनिया माझ्याबरोबर बसली आणि ओकली, तिचं काय आतून चाललं होतं? ती तर म्हैस पचवेल.

काचा उघड्या टाकून, शिव्या घालत, थेट ब्लागोयेच्या दारात गाडी घातली. म्हटलं, "हिला उचल." त्यानं गाडी वर चढवली. बीनचा डबा कुठेच नव्हता, कुठे रस्त्यात पडला देव जाणे. सायलेन्सरचा जोड सताड उघडा, आणि बरोब्बर त्याच्या डोक्यावर, मागच्या सीटखाली, पत्र्याला माझ्या तळहाताएवढं भोक. सगळा धूर त्या भोकातून सरळ आत. आणि मी आतून सगळं लिंपून घेतलेलं! मिरच्यांच्या दिवसात गाडीला धुराचा वास येतो म्हणून कोण लक्ष देणार?

ब्लागोये पांढराफटक पडला. "मावशी, मी नवा पाइप नुसत्या आवाजासाठी म्हणालो होतो."

"तू खाली घुसून तार आवळलीस तेव्हा वर भोक दिसलं नाही?"

"दिसलं ना. म्हटलं मावशीला वारा लागेल, म्हणून त्यावर जुनी सतरंजी टाकून दिली आतून."

बघ! त्यालाही वाऱ्याचीच काळजी. त्या भोकातून वाऱ्याखेरीज आणखी काही येईल हे त्याच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मला हसू फुटलं ते आवरेना, आणि मग रडू. मी त्याच्या तेलकट स्टुलावर बसून ढसाढसा रडले. मला वेड लागलेलं नाही, ल्युबिंका! मी आई होत नाहीये! माझं डोकं माझ्या खांद्यांवर आहे!

तेव्हा तू म्हणत होतीस ते गाडीच्या बाबतीत खरं होतं. मढं काढायची वेळ आलीच होती. हे मी एकदाच लिहितेय, पुन्हा लिहिणार नाही.

आता तिकिटाचं. यायची गरज नाही. परत कर. मला कुठे न्यायला नको, कोणी रोज सकाळी नाव सांगायला नको. नवा पाइप येतोय, पत्र्याला वेल्डिंग होतंय. आणि ती मधली पत्रं मी शुद्धीत लिहिली नव्हती, ती धुरानं लिहिली असं समज. त्यातलं काही मनावर घेऊ नकोस. जाळून टाक.

तब्येतीला जप.

कोसारा

&nbsp;

पिरोत, १४ नोव्हेंबर

ल्युबिंके,

तुझी ओळ मिळाली. "बरं. म्हणजे ते सगळं धुरानं लिहिलं होतं तर. तिकीट परत केलं." खाली नावसुद्धा नाही.

मी ती ओळ घडी करून ओट्यावर ठेवली, भांडी घासली, पुन्हा उघडली. तू रागावलीस हे कळायला मला भूगोल लागत नाही. आधी मी म्हटलं, रागावू दे, मी तिचं भलंच केलं, एवढ्या लांबचा प्रवास वाचवला. स्पासेनियाला वाचून दाखवली. तिनं बटाटे सोलता सोलता ऐकलं आणि म्हणाली, "तुला विषारी धुराची गरज होती का गं बहिणीशी दोन शब्द नीट बोलायला? मग ब्लागोयेला सांग, भोक परत पाड." मी तिला घराबाहेर काढलं. उद्या येईलच ती.

पण एक सांगायचं राहिलं. संत दिमित्रीच्या दिवशी मी स्टँडवर गेले होते.

तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. येऊ नकोस म्हणून मीच लिहिलं होतं, तेही मला चोख आठवत होतं. गाडी ब्लागोयेकडे उलटीपालटी पडलेली, म्हणजे चालतच गेले, उघड्यावरून, डोकं स्वच्छ. बस आली. एक सैनिक उतरला, एक बाई गाजरांची पिशवी घेऊन उतरली. मी ड्रायव्हरला विचारलं, आत कोणी झोपलंय का बघा. त्यानं बघितलं. नाही म्हणाला. तरी मी दार लागेपर्यंत तिथेच उभी राहिले.

आता हे कसलं वेड, मला सांग. धूर नव्हता. ताप नव्हता. मग घरी आले आणि स्वतःची परीक्षा घेतली, डॉक्टरीणबाईंपेक्षा कडक. आजचा वार, राष्ट्रांच्या राजधान्या, डॅन्यूबच्या उपनद्या, आईची जन्मतारीख, तुझ्या कांजिण्या कुठल्या सणाला निघाल्या ते. सगळं बरोबर. मग विचारलं, ल्युबिंका हवी आहे का? तेही तेच निघालं, जे धुरात निघालं होतं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

धुरानं लिहिलेलं काही नव्हतं गं. धुरानं नुसतं माझं तोंड सैल केलं, आणि काच उघडल्याबरोबर मी ते परत घट्ट मिटलं. मला वाटायचं मी वेडी होणार म्हणून तुला बोलवायला हरकत नाही, आजारी माणसाला कोणी हसत नाही. आता मी ठणठणीत आहे, तर कुठल्या तोंडानं बोलवू, या विचारात एवढे दिवस गेले. तुझ्याविना मला करमत नाही. दार दाखवलं त्या दिवसापासून करमत नाही. हे शुद्धीवर लिहितेय, दिवसाउजेडी, दोन्ही खिडक्या सताड उघड्या ठेवून.

गाडीचं काम झालं. विकणार नाही, हेही शुद्धीवर लिहितेय. त्यावरून भांडायचं असेल तर इथे येऊन भांड.

कोणी मेलेलं नाही, कोणी आजारी नाही, कोणाचा चाळिसावा नाही, सणही टळून गेला. यायला काहीही कारण उरलेलं नाही.

ये.

ताई